दार लोटून घेतल्यावर

न्यूझीलंडमधल्या कुठल्याही छोट्या गावातली सभागृहवजा खोली डोळ्यांसमोर आणा. गोलाकार मांडलेल्या खुर्च्या, कोपऱ्यात चहाची किटली आणि घरून करून आणलेलं खाणं. आजी, दोन आत्या, मामा, आईची जिवाभावाची मैत्रीण असे पंधराएक जण जमलेत. बापाला यायला जमलेलं नाही, तो फोनवर आहे. सुरुवातीला प्रार्थना होते. मग सामाजिक कार्यकर्ती उभी राहून सांगते : घरी दोनदा पोलीस आले, मुलगी शाळेत न जेवता येते, धाकट्याच्या दंडावर वळ होते. शाळेची बाई तिला दिसलं ते सांगते, नर्स तिला दिसलं ते. नातेवाईक प्रश्न विचारतात. एक आत्या रडते, मामा भडकतो. तासाभरानं बैठकीची समन्वयक म्हणते, आमच्याकडचं सगळं सांगून झालं, आता तुम्ही ठरवा. आणि पगार घेऊन आलेली सगळी माणसं उठून बाहेर जातात. दार लोटलं जातं. आत फक्त घरचे उरतात.

ही बैठक म्हणजे ‘फॅमिली ग्रुप कॉन्फरन्स’, आपल्या भाषेत कुटुंब-बैठक. मुलाच्या सुरक्षिततेचा प्रश्न उभा राहिला की निर्णय सरकारी टेबलावर घ्यायचा नाही, आधी मुलाच्या गोतावळ्यासमोर ठेवायचा, हे तिचं सूत्र. १९८९मध्ये न्यूझीलंडनं तिला कायद्यात जागा दिली. पुढच्या तीस-पस्तीस वर्षांत ती कॅनडा, अमेरिका, ब्रिटन, स्वीडन, नेदरलँड्स अशी फिरली आणि जिथं गेली तिथं मूल्यमापन करणारेही मागोमाग गेले. प्रश्न साधा होता : दार लोटून घेतल्यानं मुलं सुरक्षित होतात का? त्याची उत्तरं मात्र एकमेकांशी भांडणारी आली. ती भांडतात कशावरून, हे पाहिलं तर बैठकीइतकंच मोजणाऱ्यांबद्दलही बरंच कळतं.

उगम : एका रागातून आलेला कायदा

ही कल्पना विद्यापीठात जन्मली नाही. १९८०च्या दशकात न्यूझीलंडच्या सरकारी संस्थांत आणि परक्या पालकांच्या घरी ठेवलेल्या मुलांत माओरी मुलांचं प्रमाण डोळ्यांत भरण्याइतकं मोठं होतं. माओरी समाजात मूल एकट्या आईबापांचं नसतं. ते ‘फानाऊ’चं, म्हणजे विस्तारित कुटुंबाचं असतं, आणि त्यापलीकडे कुळाचं आणि जमातीचं. सरकारी यंत्रणा मात्र आईबाप नालायक ठरले की मूल उचलून अनोळखी घरात ठेवत होती. चार घरं टाकून आजी राहते, हे तिच्या नोंदीतच नसायचं. जॉन रांगिहाऊ यांच्या अध्यक्षतेखालील समितीनं १९८६मध्ये ‘पुआओ-ते-आता-तू’ हा अहवाल दिला. नावाचा अर्थ पहाट. सरकारी खात्याच्या हाडीमाशी मुरलेल्या वंशभेदावर त्यानं स्पष्ट बोट ठेवलं.

तीन वर्षांनी आलेल्या कायद्यानं साधारण अशी तरतूद केली की मुलाला संरक्षणाची गरज आहे असं न्यायालयानं जाहीर करण्याआधी कुटुंब-बैठक झालेली असली पाहिजे. कुटुंबाचं मत ‘विचारात घेण्या’पुरतं हे मर्यादित नव्हतं. बैठकीत एकमतानं ठरलेल्या आराखड्यावर सामाजिक कार्यकर्त्याला काम करणं भाग होतं, तो अव्यवहार्य किंवा कायद्याच्या तत्त्वांशी विसंगत असेल तरच अपवाद. बालगुन्हेगारीच्या प्रकरणांतही हीच रीत लागू झाली. तिथं पीडित व्यक्तीही बैठकीला येऊ शकते.

पुढचा प्रवास सरळ नव्हता. अमेरिकेत ॲनी ई. केसी फाउंडेशननं १९९२पासून आपल्या उपक्रमातून एक वेगळी बैठक रुजवली, ‘टीम डिसिजन मेकिंग’. मूल घरातून हलवायचं की नाही हे ठरवण्याच्या ऐन वेळी ती तातडीनं बोलावली जाते. कुटुंब टेबलाशी असतं, पण बैठक खात्याची असते. एकमत झालं नाही तर शेवटचा शब्दही खात्याचा. या दोन टोकांच्या मध्ये डझनभर नावांच्या आणखी बैठका आहेत. कुठं महिनाभर तयारी करून वीस नातेवाईक जमवतात, कुठं दोन दिवसांत आई आणि एक काका बोलावून काम उरकतात. अहवालात दोन्हींची नोंद ‘कुटुंब सहभाग बैठक’ अशीच होते. मोजमापाचा पहिला घोळ इथून सुरू होतो. नाव एक असलं तरी वस्तू एक नसते.

जिथं सगळ्यांचं जुळतं

बैठकीच्या आतल्या गोष्टींबद्दल मात्र जगभरचे अभ्यास बऱ्यापैकी एका सुरात बोलतात. पहिली गोष्ट, नातेवाईक येतात. ‘या कुटुंबाला कुणी नाहीच’ असं फाइलवर लिहिलेलं असताना समन्वयक दोन-तीन आठवडे फोन करत राहिली की दहा-बारा माणसं निघतात. दुसरी, ती भांडून उठून जात नाहीत, काहीतरी ठरवतात. ब्रिटनमधल्या १९९०च्या दशकातल्या सुरुवातीच्या बैठकांत नव्वद टक्क्यांहून अधिक ठिकाणी सर्वांना मान्य असा आराखडा झाला. तिसरी, आलेल्यांना ही रीत पटते. ‘आम्हाला माणसासारखं वागवलं’ या अर्थाचं काहीतरी ते सांगतातच.

आराखडा म्हणजे काय, हे जवळून पाहण्यासारखं आहे. कच्च्या बैठकीतून निघालेला कागद म्हणतो : ‘मावशी मदत करेल. आई दारू सोडेल.’ तयारीनं झालेल्या बैठकीतला कागद म्हणतो : मंगळवारी आणि गुरुवारी मावशी मुलांना शाळेतून थेट आपल्या घरी नेईल, रात्रीचं जेवण तिथंच. शनिवारी सकाळी मामा येईल. आई प्यायलेली दिसली तर मामा मुलांना आजीकडे नेईल, आणि आई त्यावर वाद घालणार नाही असं तिनं सगळ्यांसमोर कबूल केलंय. आजीकडे जायचा बसखर्च खातं देईल. सहा आठवड्यांनी पुन्हा बसू. पहिला कागद ही नुसती इच्छा आहे, दुसऱ्यात वार आहेत, नावं आहेत आणि ‘नाही जमलं तर काय’ याचं उत्तरही आहे. शिवाय त्यात एक ओळ सरकारच्या नावे आहे. ती पाळली गेली की नाही हे तपासणारा अभ्यास शोधावा लागतो.

जिथं जुळत नाही

खरा वाद परिणामांवर आहे. कॅनडातल्या न्यूफाउंडलँड आणि लॅब्राडॉरमधला १९९०च्या दशकातला प्रयोग आजही उत्साहानं सांगितला जातो. जोन पेनेल आणि गेल बर्फर्ड यांनी तीन जागा निवडल्या : इन्युइट लोकांचं नेन, पोर्ट ऑ पोर्ट द्वीपकल्प आणि राजधानी सेंट जॉन्स. ३२ कुटुंबं, ३७ बैठका. बैठक झालेल्या घरांत अत्याचाराच्या आणि दुर्लक्षाच्या खुणा जवळपास निम्म्यावर आल्या, तुलनेला घेतलेल्या घरांत त्या वाढल्या. कुटुंबं थोडी होती, चिठ्ठी टाकून निवडलेली नव्हती. तरी बाईवरचा घरातला हिंसाचारही या बैठकांनंतर कमी दिसला, म्हणून हा अभ्यास महत्त्वाचा ठरला.

मग स्वीडननं थंड पाणी ओतलं. क्नूट सुंदेल आणि बो विन्नरल्युंग यांनी २००४मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात बैठक झालेल्या ९७ मुलांची तुलना नेहमीच्या चौकशीतून गेलेल्या १४२ मुलांशी केली आणि तीन वर्षं माग ठेवला. बैठक झालेल्या मुलांबद्दल अत्याचाराच्या तक्रारी पुन्हा जास्त आल्या. घराबाहेर ती जास्त काळ राहिली. निकालांतल्या फरकाचा जेमतेम सात टक्क्यांपर्यंतचा भाग बैठकीच्या नावावर मांडता आला. बैठकीची बाजू घेणाऱ्यांना हा मोठा धक्का होता.

पण त्याच अभ्यासात आणखी एक गोष्ट आहे. तुलनेच्या गटापेक्षा या मुलांबद्दलच्या नव्या तक्रारी नातेवाइकांकडून जास्त वेळा आल्या होत्या. आता हे अपयश समजायचं की यश? बैठकीआधी जी आत्या ‘त्यांच्या घरचा मामला’ म्हणून गप्प बसायची, तिला बैठकीत घरातली गोष्ट कळली, कुणाला फोन करायचा तेही कळलं, आणि तिनं तो केला. तक्त्यात ही ‘पुनर्तक्रार’ म्हणून नोंदली जाते. मुलाच्या बाजूनं पाहिलं तर घरावर पहिल्यांदाच कुणाची तरी नजर आहे. दुसरी शक्यताही तितकीच खरी आहे, की घरात मारहाण खरोखरच चालू राहिली आणि बैठकीनं ती थांबवली नाही. निव्वळ तक्रारींच्या संख्येवरून या दोन गोष्टी वेगळ्या करता येत नाहीत.

कॅलिफोर्नियात फ्रेस्नो आणि रिव्हरसाइड या काउंट्यांत चिठ्ठी टाकून कुटुंबं निवडण्याचा कडक प्रयोग झाला. २००८मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षात दोन्ही गटांत लक्षणीय फरक दिसला नाही, ना फायदा ना तोटा. टेक्ससच्या अभ्यासात मात्र बैठकीनंतर अधिक मुलं नातेवाइकांकडे गेली आणि सरकारी देखरेखीतून लवकर बाहेर पडली.

२०१६मध्ये नेदरलँड्सच्या शारोन डाइकस्ट्रा आणि सहकाऱ्यांनी अशा १४ तुलनात्मक अभ्यासांची एकत्र मोट बांधली. एकूण ८८,४९५ जण त्यात आले. एकत्रित उत्तर : बैठकीमुळे अत्याचार, घराबाहेर ठेवणं किंवा खात्याचा हस्तक्षेप लक्षणीय कमी होत नाही. या मोटेच्या पोटात दोन गोष्टी दडल्या होत्या. मागे वळून जुन्या नोंदी चाळणाऱ्या अभ्यासांत बैठक प्रभावी दिसत होती, पुढे पाहत माग ठेवणाऱ्यांत नव्हती. आणि थोड्या मोठ्या वयाच्या तसंच अल्पसंख्याक समाजातल्या मुलांत बैठकीनंतर घराबाहेर ठेवण्याचं प्रमाण आणि काळ उलट वाढलेला दिसला. ज्यांच्यासाठी ही रीत निघाली, आकडे त्यांच्याच विरोधात उभे राहिले. २०२०मध्ये ‘कॅम्पबेल कोलॅबोरेशन’ या संशोधकांच्या जाळ्याच्या आढाव्यानंही पुराव्याचा दर्जा कमकुवत ठरवला आणि ठाम बोलायचं टाळलं.

मोजण्यातल्या गाठी

मागे वळून पाहिलेल्या अभ्यासांत यश का दिसावं, हे समजायला अवघड नाही. बैठक झालेली कुटुंबं म्हणजे बैठकीला तयार झालेली कुटुंबं. ज्यांना यायला नातेवाईक आहेत, आई फोन उचलते, आजी चालती-फिरती आहे. अशा घरात मूल बैठकीविनाही सावरण्याची शक्यता जास्त. उलट चिठ्ठी टाकून निवडलं की बैठकीच्या गटात आलेल्या अनेक घरांत ती होतच नाही. कुणी नकार देतं, कुणी घर बदलतं, कुठं तयारीतच महिने जातात. नेदरलँड्समध्ये चिठ्ठी टाकून केलेल्या एका प्रयोगात असंच झालं. बैठकीच्या गटात पडलेल्या कुटुंबांपैकी निम्म्याहून कमी कुटुंबं आराखड्यापर्यंत पोचली. निकाल मात्र सगळ्यांचा मोजला जातो. संशोधनाच्या शिस्तीला ते धरूनच आहे, पण त्या आकड्यात ‘बैठक झाली आणि फसली’ आणि ‘बैठक झालीच नाही’ हे दोन्ही एकजीव होतात.

दुसरी गाठ ‘घराबाहेर’ या शब्दात आहे. अनेक देशांच्या नोंदींत मूल आजीकडे राहायला गेलं तरी ते ‘घराबाहेर ठेवलेलं’ मोजलं जातं. मग बैठकीत जमलेल्या नातेवाइकांनी आनंदानं मुलं वाटून घेतली तर तक्त्यात अपयश वाढतं! अल्पसंख्याक मुलांबद्दलच्या त्या अस्वस्थ करणाऱ्या आकड्यात याचा वाटा किती, हे प्रत्येक अभ्यासागणिक तपासायला हवं. आजीचं घर म्हणजे घराबाहेर, हे वाक्य माओरी माणसाला पटणार नाही. मराठी माणसालाही पटू नये.

तिसरी गाठ रीत किती पाळली याची. एकांताचा तास हा बैठकीचा कणा आहे. पण अनेक ठिकाणी वेळ नाही, जागा नाही, ‘घरात हिंसा आहे, एकटं कसं सोडणार’ अशा कारणांनी अधिकारी खोलीतच थांबतात. ही शेवटची भीती खोटी नाही. नवऱ्यासमोर बाई बोलेल का, काकांसमोर पोर तोंड उघडेल का, हे प्रश्न दार लोटल्यानं सुटत नाहीत, कधी वाढतात. चांगले समन्वयक यावर तयारीत काम करतात. बाईला सोबत कोण हवं ते आधी विचारतात, मुलाचं म्हणणं लिहून घेतात किंवा त्याच्या बाजूनं बोलणारा माणूस देतात, एखाद्याला खोलीत न बोलावता पत्रातून बोलू देतात. हे काम दिसत नाही, त्याला वेळ लागतो आणि खर्चकपातीत पहिली कात्री त्यालाच लागते.

इंग्लंडचा आकडा

या पार्श्वभूमीवर २०२३मध्ये इंग्लंडमधून आलेला निकाल लक्ष वेधून घेतो. ‘फाउंडेशन्स’ या संस्थेनं प्रसिद्ध केलेल्या आणि ‘कोरम’नं केलेल्या या अभ्यासात २१ स्थानिक प्रशासनं आणि अडीच हजारांच्या आसपास मुलं होती. कुटुंबांची विभागणी चिठ्ठीनंच केलेली. ज्या कुटुंबांना बैठकीकडे पाठवलं त्यांच्यातल्या ५९ टक्के मुलांबाबत खटला न्यायालयात गेला, न पाठवलेल्यांत ७२ टक्के. वर्षभरानंतर सरकारी देखरेखीत असलेली मुलं ३६.२ टक्के विरुद्ध ४४.८ टक्के.

इतरत्र जे दिसलं नाही ते इथं का दिसलं? माझ्या मते उत्तर बैठकीच्या वेळेत आहे. ही सगळी कुटुंबं अशा टप्प्यावर होती की ‘आता आम्ही न्यायालयात जाणार’ असं पत्र त्यांच्या हाती पडलेलं होतं. आता बैठकीत जे ठरेल त्यावर मूल कुठं झोपणार हे खरोखर अवलंबून होतं. नातेवाइकांना ते ठाऊक होतं, खात्यालाही. निर्णय आधीच झालेला नव्हता आणि विषय किरकोळही नव्हता. कॅलिफोर्निया किंवा स्वीडनच्या बैठका प्रकरणाच्या वेगवेगळ्या टप्प्यांवर झाल्या. इंग्लंडच्या निकालालाही मर्यादा आहे. न्यायालयात न जाणं म्हणजे मूल सुखरूप असणं नव्हे. एक वर्षाचा माग मुलाच्या आयुष्याच्या मानानं फार थोडा. तरी या आकड्यांनी धोरण हललं. डिसेंबर २०२४मध्ये ब्रिटिश संसदेत आलेल्या बालकल्याण विधेयकात खटल्याआधी अशी बैठक देऊ करणं स्थानिक प्रशासनावर बंधनकारक करण्याची तरतूद होती.

लेस्टर किंवा लंडनमध्ये राहणाऱ्या मराठी कुटुंबावर अशी वेळ आली, तर साताऱ्याची आजी व्हिडिओ कॉलवर बैठकीत बसू शकते. समन्वयकाला ती माहीत असली पाहिजे, एवढंच.

मूळ गावी काय झालं

जिथून ही कल्पना निघाली तिथं पाहिलं की उत्साह आवरावा लागतो. कायदा होऊन तीस वर्षं उलटली तरी न्यूझीलंडच्या सरकारी देखरेखीतल्या मुलांपैकी साधारण दोनतृतीयांश माओरी होती. २०१९मध्ये एका रुग्णालयात नवजात बाळ आईकडून काढून घेण्याचा प्रयत्न झाला, त्याचं चित्रण बाहेर आलं आणि देश ढवळून निघाला. २०२१मध्ये माओरींच्या तक्रारी ऐकणाऱ्या वैतांगी न्यायाधिकरणानं ठरवलं की सरकारनं माओरींशी झालेल्या कराराचा भंग केला आहे. बैठका होत होत्या, पण खातं अनेकदा आराखडा आधीच ठरवून येत होतं, आणि कुटुंबानं ठरवलेल्या गोष्टींना पैसा नव्हता. दार लोटलं जात होतं, पण आतल्या माणसांच्या हातात द्यायला फारसं काही उरलं नव्हतं.

आपल्या बाजूला

भारतात अशी बैठक कायद्यात नाही, पण तिचं बीज आहे. २०१५च्या बाल न्याय कायद्यात संगोपनाची पहिली जबाबदारी कुटुंबाची, मुलाचा सहभाग, आणि संस्थेत ठेवणं हा शेवटचा उपाय, ही तत्त्वं शब्दांत लिहिलेली आहेत. बाल कल्याण समितीसमोर मूल आल्यावर सामाजिक चौकशी अहवाल १५ दिवसांत यायला हवा आणि चार महिन्यांत अंतिम आदेश. त्या अहवालासाठी कार्यकर्ता घरी जातो, शेजाऱ्यांना विचारतो, रकाने भरतो. कुटुंबाची माहिती काढली जाते, कुटुंब बसवलं जात नाही. महाराष्ट्राच्या बालसंगोपन योजनेत मूल सांभाळणाऱ्या कुटुंबाला महिना २२५० रुपये मिळतात. पण कोणत्या मावशीकडे मूल खरंच नीट राहील, हे मावशीला, मामाला आणि मुलाला एकत्र बसवून ठरत नाही.

आणि इथं एक कडू गोष्ट बोलायला हवी. आपल्याकडे ‘चार माणसं बसून ठरवतात’ ही रीत फार जुनी आहे. त्याच चार माणसांनी, त्याच भावकीनं, पंधरा वर्षांच्या मुलीचं लग्नही ठरवलेलं असतं, घरातल्या अत्याचाराला ‘बाहेर बोलू नका’ असंही बजावलेलं असतं. न्यूझीलंडची बैठक जशीच्या तशी उचलून आणली तर दाराआड काय ठरेल, याची खात्री देता येणार नाही. म्हणून आपल्याकडे कुणी हा प्रयोग केला तर मोजायला पहिली गोष्ट नातेवाइकांची हजेरी नसावी. त्या खोलीत मूल बोललं का, कुणाकडे पाहून गप्प झालं, हे आधी नोंदवावं.

मग मोजायचं काय?

इतक्या वर्षांच्या हिशेबातून एक गोष्ट मला स्पष्ट दिसते. बैठकीला औषधाच्या गोळीसारखं मोजलं की ती बहुतेक वेळा निष्प्रभ दिसते, कारण ती गोळी नाहीच. ती सत्ता एका हातातून दुसऱ्या हातात देण्याची रीत आहे. दिलेली सत्ता खरी असेल तेव्हा फरक पडतो : निर्णय अजून व्हायचा असेल, नातेवाईक पुरेशी माहिती घेऊन बसलेले असतील, आणि त्यांनी ठरवलेल्या गोष्टीमागे खातं पैसा आणि माणूस उभा करणार असेल. यातलं एक नसेल तर उरतो चहा, प्रार्थना आणि सह्या.

म्हणून पुढचं मूल्यमापन सहा आठवड्यांनी सुरू व्हावं. मावशीनं मंगळवारी मुलं नेली का? आईनं वाद घातला तेव्हा मामानं काय केलं? आणि आजीकडे जायच्या बसचे पैसे खात्यानं दिले का? यातला तिसरा प्रश्न विचारायला सगळ्यांत सोपा आहे. त्याचं उत्तर घरच्यांना द्यायचं नाही, दार लोटून बाहेर गेलेल्यांना द्यायचं आहे.